पहिला बुडबुडा बाहेरचा

त्या सकाळी घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बाबा आणि पाणबुड्या नेहमीसारखे भांडत होते. ती काउंटरमागे पुस्तक उघडून बसली होती आणि एक ओळही न वाचता ऐकत होती.

पाणबुड्या हा बाबांचा जुना मित्र. बंदरात बोटींच्या बुडाखाली काम करण्यात त्याचा जन्म गेला. त्याचं सोन्याचं डायव्हर घड्याळ बाबांच्या पुढ्यात उघडं पडलं होतं.

"सोन्याचं घड्याळ घालून पाण्यात जायचं म्हणजे लग्नाचा कोट घालून विहिरीत उडी," बाबा डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले. "सोनं मऊ. बाजूच्या चावीचे आटे बघ, तुझ्या टकलासारखे गुळगुळीत झालेत."

"बुडालेली बोट वर काढली म्हणून मालकानं दिलं. पोलादाचं द्या म्हणालो असतो तर तेही हातचं गेलं असतं."

"आणि आता कुठल्या पाण्यात जातोस?"

"बादलीतल्या. पण आत थेंब जाता कामा नये."

मग बाबांनी तिला पाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगितली. पूर्वी पाण्याला भिऊन अख्खं घड्याळ दुसऱ्या डबीत कोंडायचे, आणि चावी द्यायला रोज डबी उघडायचे. मग कुणाला तरी सुचलं, की चावीलाच आटे पाडून ती बाटलीच्या बुचासारखी फिरवून बंद करावी. "पाणी भिंतीतून येत नाही रे. दारातूनच येतं."

या घड्याळाचं वॉशर बाजारात मिळेना म्हणून बाबांनी ते हातानं कापून बसवलं होतं. टेस्ट तेवढी राहिली होती. अर्धं पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत, झाकणातून आरपार जाणाऱ्या दांडीला टांगून घड्याळ सोडायचं, झाकण लावायचं आणि पंपानं वरची हवा ओढून घ्यायची. कुठे फट असेल तर घड्याळातून बुडबुडे निघतात. त्याला दुकानात 'रडणं' म्हणत. पहिला बुडबुडा बाहेरचा, नुसता चिकटून आलेला. त्यावरून निकाल द्यायचा नाही, दुसऱ्याची वाट बघायची. आणि खरंच रडू लागलं, तर आधी दांडी ओढून पाण्याबाहेर काढायचं, मगच हवा सोडायची. नाहीतर जेवढं रडलं तेवढं पाणी घड्याळ आत ओढून घेतं.

"ही मात्र वॉटरप्रूफ," बाबांनी तिच्याकडे मान वळवली. "हिची आई गेली तेव्हा एक टिपूस नाही."

हे ते गिऱ्हाइकांनाही सांगत, पाहुण्यांनाही. त्यांच्या आवाजात इतका अभिमान असे, की दरवेळी ती हसून सोडून देई.

"चला बाबा, जेवण निवतंय."

"टेस्ट उद्या," बाबा पाणबुड्याला म्हणाले.

जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. तिनं मिठाची वाटी पुढे सरकवली. दुपारी पेपर वाचता वाचता ते आरामखुर्चीतच गेले. चष्मा नाकावर तसाच होता.

माणसं आली. तिनं चहा केला, खुर्च्या मांडल्या, फोन घेतले. आत्या तिला जवळ घेऊन म्हणाली, "रड गं बाई, असं कोंडून ठेवू नकोस." आणि तिची पाठ वळल्यावर शेजारणीला म्हणाली, "दादा सांगायचाच, ही वॉटरप्रूफ आहे म्हणून."

पुढच्या आठवड्यात तिनं दुकान उघडलं तेव्हा पाणबुड्या पायरीवर बसला होता.

"तसंच दे. पाणी गेलं आत, तरी मी काय कोर्टात जातोय?"

"नाही काका. टेस्ट केल्याशिवाय इथून घड्याळ जात नाही. आणि हे तर त्यांचं शेवटचं काम." ते टिकावं असं तिला फार, फार वाटत होतं.

तिनं घड्याळ बरणीत सोडलं आणि पंप ओढला. सोन्याच्या कडेवरून एक बुडबुडा सुटून वर गेला.

"बाहेरचा," दोघं एकदमच म्हणाले.

मग चावीपासून दुसरा निघाला. तिसरा. मग बारीक दोऱ्यासारखी रांगच लागली. ती बघत राहिली. आता हे थांबवायचं एवढंच तिला कळत होतं; हात हवा सोडायच्या स्क्रूवर गेला.

"आधी बाहेर काढ, पोरी," पाणबुड्या हळूच म्हणाला.

तिनं दांडी वर ओढली. घड्याळ पाण्याबाहेर निथळत लटकलं. मग तिनं हवा सोडली.

"त्याचं कुठे चुकलं?"

"त्यांचं नाही चुकलं. आटेच उरले नाहीत, काका. नुसतं वॉशर किती धरून ठेवणार?"

घड्याळ पुसून तिनं बाबांच्या टेबलावर ठेवलं. भिंग तिथेच होतं. खुर्ची थोडी तिरपी, ते उठून जेवायला गेले होते तशीच. पाणबुड्या उठून दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"बाबा," ती खुर्चीला म्हणाली, "आई गेली तेव्हा मी रडले होते. रोज रडायचे. न्हाणीघरात, नळ सोडून. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."