रत्नम्माच्या पायाखालचा ब्रेक

संगप्पाच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली, की साक्षात ग्रामदैवत सिद्धरामेश्वरानं समजावलं तरी ती बाहेर निघत नसे. सत्त्याहत्तर साली गिरणीच्या साहेबानं टाकून दिलेल्या दोन सीटच्या जुन्या गाडीचा सांगाडा त्यानं होटगी रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजात ओढून आणला, तेव्हा सगळी गल्ली हसली. त्यानं पत्रा ठोकून ठोकून तिला नवं अंग दिलं, लांब नाक दिलं, वर लाल रंग चढवला. मग हसणारेच रोज चहाच्या निमित्तानं बघायला येऊ लागले.

पण जिच्यासाठी गाडी बांधली, तीच बसायला तयार नव्हती. संगप्पाची बायको रत्नम्मा. तिचा धाकटा भाऊ कल्लप्पा ट्रकचा ब्रेक न लागल्यानं पुलावरून खाली गेला होता. तेव्हापासून ती एसटीत बसली तरी डोळे मिटून घेई. आधी ब्रेक चांगला करा, मग बसते, एवढंच ती म्हणाली, आणि संगप्पानं ते मनावर घेतलं.

जुने ब्रेक तारेचे होते. पाय कितीही रेटा, गाडी आपल्या सवडीनं थांबणार. संगप्पानं तारा काढून फेकल्या, भंगारातल्या जीपचे मोठे ड्रम चढवले, तेलाच्या नळ्या टाकल्या. राहिली ती नळ्यांतली हवा काढायची. हे काम दोघांचं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू ढिला करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवा निघते. स्क्रू परत आवळल्यावरच पाय उचलायचा. उभ्या गाडीत बसायला रत्नम्माची हरकत नव्हती, म्हणून पेडल तिच्याकडे आलं.

हवा काही निघेना. पेडल चिखलासारखं मऊ. संगप्पानं ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या पंपाचे रबर बदलले, नळ्या नव्या घातल्या, प्रत्येक जोड पुन्हा आवळला. शेजारच्या टायरवाल्या आण्णांनी तर सांगून टाकलं, ही गाडी थांबवायला अक्कलकोटपर्यंत रस्ता मोकळा ठेवावा लागणार. संगप्पानं ऐकून घेतलं आणि पुन्हा चाकाखाली शिरला. राग त्याला यायचा, पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

एका दुपारी उन्हाची तिरीप नेमकी स्क्रूवर पडली होती. "सोडतो," तो नेहमीसारखा ओरडला आणि स्क्रू फिरवला. तेलाचा थेंब बाहेर आला आणि बघता बघता हवेसकट परत आत ओढला गेला. संगप्पा चमकून बाहेर आला. पाय का उचललास, म्हणून विचारलं, तर तिलाच नवल वाटलं.

"तुमीच म्हणता की, सोड तो. म्हणून सोडते ब्रेक."

संगप्पा तिथंच बसला. रत्नम्मा अक्कलकोटच्या पलीकडची, माहेरची भाषा कानडी. लग्नानंतर शिकलेल्या मराठीत तिनं नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता, आणि तिथंच घात झाला होता. तेल मी सोडतो, असं तो म्हणत होता. ब्रेक तू सोड, असं ती ऐकत होती. बिचाऱ्या पंपाला उगाच शिव्या घातल्या, म्हणून त्याला लाज वाटली, मग हसू फुटलं. तीही हसली.

गॅरेजात आलं की मराठी बोलायची सवय त्यानं त्या दिवशी गुंडाळून ठेवली. कानडीत 'हिडी' म्हटलं की धरायचं आणि 'बिडू' म्हणेपर्यंत आभाळ कोसळलं तरी सोडायचं नाही, असं ठरलं. चारही चाकं पुन्हा पहिल्यापासून केली. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

रत्नम्मानं शब्द पाळला. अट एकच, कुठं थांबायचं ते ती ऐन वेळी सांगणार. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी भरधाव सुटली असताना ती एकाएकी "आता" म्हणाली. संगप्पानं पाय दाबला. गाडी जरा नाक खाली घालून सरळच्या सरळ उभी राहिली.

रत्नम्माचे डोळे भरून आले. कल्लप्पा गेल्यापासून तिच्या आईनं कुठल्याच गाडीत पाय ठेवला नव्हता. लेकीचं घर तिनं त्यानंतर पाहिलं नव्हतं.

"आईला आणू या," ती म्हणाली.

"अगं, दोनच सीटा हायत."

"व्हय की." ती दार उघडून खाली उतरली. "तुमी जावा. मी चालत घरी जाते, भाकरी टाकायला घेते. आणि आईला सांगा, ब्रेक रत्नम्मानं सोताच्या पायानं दाबून बघितलाय."