पटावरचं नाव

गावात नव्यानंच आलेल्या एसटीडी बूथवर अंबाजोगाईहून फोन आला, तेव्हा मन्मथप्पा आपल्या किराणा दुकानात गूळ तोलत होते. त्यांची बायको दानम्मा तिथल्या दवाखान्यातच वारली होती. निरोप ऐकूनही त्यांनी गिऱ्हाइकाला गूळ बांधून दिला. त्या दिवसापासून त्यांना सगळं धुक्यातून दिसावं तसं झालं. चुलीचा धूर निघाला की वाटे, तीच बसली आहे. बसलेली असे शिवकन्या, नुकतीच सातवी पास झालेली लेक.

गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवी दोन कोसांवरच्या हायस्कुलात. जूनमध्ये तिथले तानाजी सर तुकडी भरायला दारोदार फिरत आले. मुलं कमी पडली तर तुकडी तुटणार, सरांची नोकरी जाणार.

"अप्पा, नुसतं नाव द्या. पोरीला घर सांभाळू द्या. हजेरी आमी लावू. परीक्षेपुरती पाठवा."

"मंग बरंच हाय की," अप्पा म्हणाले.

शेजारची छबुबाई मीठ न्यायला आली होती. सर गेल्यावर ती म्हणाली, "कावून असं करता, अप्पा? बीजगणित काय चुलीत उगवतं?"

"भाकरी कोण थापील? तू?"

"तुमाला हात न्हाईत का? वाकड्या झाल्या तर वाकड्या खा!" मग तिचा आवाज उतरला. "दानम्माचं नाव अजून रेशनकार्डावर हाय. म्हणून ती घरात हाय का?"

अप्पांनी तिला मीठ तोलून दिलं. दुपारी गल्ल्यावरच त्यांचा डोळा लागला. स्वप्नात लांबच लांब वर्ग होता. बाकं रिकामी. कुणीतरी हजेरी घेत होतं.

"शिवकन्या!"

"हजर."

"दानम्मा!"

"हजर."

आवाज घरचेच, पण माणूस कुठंच नाही. अप्पा बाकाबाकावर हात फिरवत हिंडले. लाकूड गार होतं.

ते दचकून जागे झाले. एक गेली, ते आपल्या हातात नव्हतं. पण दुसरी! तिला तर आपणच जितेपणी नुसतं नाव करून टाकतोय!

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही.

"शिवकन्या, दप्तर घे."

"आन् भाकरी?"

"मी केल्यात. हसायचं न्हाई."

ती हसलीच. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

हायस्कुलात अप्पा तानाजी सरांना म्हणाले, "नाव लिवा, सर. पण ही रोज येईल. न्हाई आली तर गैरहजर मांडा, अन् मला जाब विचारा."

बंधुभगिनींनो, पटावर नाव चढलं म्हणजे मूल शिकलं असं होत नाही. गुरुजी तुकडी वाचवतात, आपण चूल वाचवतो, आणि दोघांच्या मध्ये पोर हरवते. नावाच्या मागोमाग मूलही शाळेत पाठवा.

शिवकन्या रोज जाते. त्याच वर्षी गावातून आणखी पाच-सहा मुलींची नावं आठवीच्या पटावर गेली. त्यांची हजेरी रोज लागते. त्या अजून घरीच आहेत.