नमुना सही

करखात्याचं पत्र आलं तेव्हा मी घाबरले नाही. बत्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी केली आहे. सरकारी पत्राची सुरुवात सोडून द्यायची आणि थेट शेवट वाचायचा, एवढी अक्कल मला आहे. शेवटी लिहिलं होतं, ‘संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची ओळख पटेपर्यंत परतावा रोखून ठेवण्यात आला आहे.’ अधिकृत व्यक्ती म्हणजे माझा दादा. तो त्या वेळी समोर खिडकीशी बसून, डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट उलगडत होता.

आमची संस्था म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. त्यांत लोखंडी पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर. ज्याच्या घरी आजारपण असेल त्याने न्यावं, फुकट वापरावं. माणूस बरा झाला की सामान परत, नाही झाला तरी परत. वहिनी गेली तेव्हा तिचा पलंग कुणाला विकायचा दादाला धीर होईना, म्हणून तो शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्याला दिला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. दादा पलंग खांद्यावर घेऊन चार-चार मजले चढायचा. कागदपत्रं माझ्याकडे. अध्यक्ष म्हणून नाव त्याचं होतं, पण कागद म्हटला की तो लांब पळायचा. पत्र, पावती, काहीही समोर धरलं की म्हणायचा, “ठोक माझी सही, हेडमास्तर. हात माझा काय नि तुझा काय!”

मी ठोकत असे. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा तोराच होता. त्याच्यापेक्षा त्याची सही मला बरी यायची.

गेल्या वर्षी दादाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळली. मी तीन महिने इस्पितळात त्याच्या उशाशी होते आणि त्या गडबडीत करमाफीचा दाखला बँकेत द्यायचा राहून गेला. बँकेने ठेवीच्या व्याजातून बिनदिक्कत कर कापला. तो परत मागायला अर्ज केला, तर कित्येक महिने नुसतं ‘प्रक्रियेत आहे’. इकडे खोल्यांचं पाच महिन्यांचं भाडं थकलं होतं. घरमालकाने शांतपणे सांगून टाकलं, तीन महिन्यांत पैसे द्या, नाहीतर पलंग रस्त्यावर काढतो. त्र्याऐंशी घरांत आमचं सामान होतं. ते परत आलं तर ठेवायला जागा नाही आणि नवा कुणी मागायला आला तर द्यायला काही नाही, अशी वेळ येणार होती. परतावा मिळाला तर संस्था राहणार होती.

पत्रात लिहिलं होतं की ओळख घरबसल्या पटवता येईल. मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, दादाचे केस विंचरले, त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं.

चेहरा चौकटीत ठेवा, असं पडद्यावर आलं. ठेवला. डोळे मिटा. दादाने मिटले, म्हणजे एक मिटला आणि एक अर्धा राहिला. मग आलं, हसा.

दादा हसला. डावीकडे हसला, उजवीकडे काहीच हललं नाही. यंत्राने जरा विचार केला आणि लाल अक्षरांत निकाल दिला, ‘चेहरा नोंदीतील व्यक्तीशी जुळत नाही.’ तीनदा केलं. तिसऱ्यांदा तर तो बिचारा इतका जोर लावून हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग खातं बंद झालं.

“मी... मी नाही?” दादाने विचारलं.

“यंत्र गाढव आहे,” मी म्हटलं आणि लॅपटॉप आपटून मिटला.

मदतकेंद्राच्या फोनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. शेवटी एका माणसाने सांगितलं की प्रत्यक्ष या, नोंदीतल्या नमुना सहीशी सही जुळली तरी चालेल. तारीख मिळाली सहा आठवड्यांनंतरची. मी कपाळाला हात लावला. पण दादाने टेबलावर थाप मारली. “सही. शिकतो.”

आणि शिकला. घरी व्यायाम करून घ्यायला फिजिओ येत असे, त्याने पेनाला जाड रबर गुंडाळून दिलं. मी वहीवर दुहेरी रेघा आखून दिल्या, पहिलीतल्या मुलाला आखतात तशा. पहिले दोन आठवडे नुसत्या रेघोट्या. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या अक्षराचं वळण जमलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्याने पूर्ण सही केली, खालच्या रेघेसकट, टिंबांसकट. थरथरलेली होती, पण ओळखणाऱ्याने लांबून ओळखली असती. त्याने ती फिजिओला दाखवली, दूधवाल्याला दाखवली, मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा दाखवली. झटक्यानंतर तो पहिल्यांदाच आनंदात होता. मीही होते.

त्या सहा आठवड्यांत मला एकदाही नमुना सहीचं ते जुनं कार्ड आठवलं नाही. कुणाला पटणार नाही, पण खरोखर आठवलं नाही.

कार्यालयात आमचा क्रमांक दुपारी लागला. काउंटरमागच्या मॅडम तरुण होत्या, बोलायला चांगल्या होत्या. आमच्या चाकाच्या खुर्चीला जागा व्हावी म्हणून त्यांनी स्वतः उठून बाकडं सरकवलं. मग संगणकावर नोंद काढली आणि पडदा आमच्याकडे वळवला. “ही बघा काका, नऊ वर्षांपूर्वीची तुमची नमुना सही. अशी करून दाखवा.”

एका कार्डावर तीन चौकटी आणि तीन सह्या. त्या तिन्ही सह्या माझ्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी सगळ्या नोंदी संगणकावर घेतल्या, तेव्हा हे कार्ड भरून मागवलं होतं. शेवटचा दिवस होता, दादा कुठेतरी पलंग पोचवायला गेला होता. रोजच्या सवयीने मी तीन चौकटींत तीन सह्या ठोकल्या, पाकीट बंद केलं आणि दुसऱ्या कामाला लागले. दादा पहिलं अक्षर वरून खाली काढतो. मी ते खालून वर नेते. पावतीवर कोण बघतंय?

दादाने सही केली. दोन मिनिटं लागली. मागे रांग होती. सही झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी.

मॅडमनी कागद पडद्याजवळ धरला. पुन्हा धरला. “काका, हात थरथरतो ते आम्ही समजून घेतो. पण हे वळणच वेगळं आहे. सुरुवातच वेगळी आहे. परत एकदा कराल?”

त्याने परत केली. पहिल्यापेक्षा चांगली आली. मॅडमनी मान हलवली.

दादा पडद्यावरच्या सहीकडे बघत राहिला. “ती... माझी,” तो म्हणाला. “चांगली होती... पूर्वी.” मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो मांडीवर ठेवून दिला.

मी तोंड उघडलं होतं. पण कारकुनाच्या डोक्यात हिशेब आधी होतो. कार्ड खोटं म्हटलं की नऊ वर्षांची विवरणपत्रं खोटी, देणगीदारांच्या पावत्या खोट्या, करमाफी रद्द, परतावा बुडाला, आणि सह्या कुणी केल्या, तर हिने. मला नंतर संस्था आठवली, ती त्र्याऐंशी घरंही आठवली, आणि मी मनाला समजावलं की त्यांच्यासाठी गप्प बसले. ते खरं नाही. सगळ्यात आधी मी स्वतःसाठी घाबरले. तोंड मिटलं.

“एक मार्ग आहे,” मॅडम हळूच म्हणाल्या. “अधिकृत व्यक्ती बदला. यांच्या जागी तुम्ही या.” फॉर्मवर कारणं तीनच होती, मृत्यू, राजीनामा आणि असमर्थता. राजीनाम्याला जुळणारी सही लागते. म्हणून मॅडमनी तिसऱ्या चौकटीत खूण केली, डॉक्टरांचा दाखला जोडायला सांगितला आणि घरी तपासणी होईल असं म्हणाल्या. दादाने अंगठा दिला. शाईसाठी त्याने डावा हात पुढे केला, उजवा काही पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वही बंद. फिजिओ आला की दादा म्हणे, “नाही... होत.” अन्नावरची वासनाच गेली. दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसायचा. आठवडाभर मी ते बघितलं, मग मला बघवेना. रविवारी सकाळी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि त्याची सही केली. झरकन, एका दमात.

“पुन्हा,” तो म्हणाला.

मी पुन्हा केली. मग कार्डाचं सगळं सांगितलं, तो शेवटचा दिवस, तो पोचवायला गेलेला पलंग, काही न लपवता. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि शेजारी स्वतःची सही केली. दोन्हींकडे कितीतरी वेळ बघत होता.

“म्हणजे... माझी बरोबर?”

“तुझीच बरोबर, दादा. तुझी जमली होती.”

क्षणभर त्याचा चेहरा इतका उजळला, की मला वाटलं सुटले मी. मग त्याने विचारलं, “तिथं... का नाही बोललीस?”

“घाबरले.”

“पुन्हा जाऊ.”

मग पुन्हा गेल्यावर काय काय होईल तेही मला सांगावं लागलं. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, “तू म्हण, उद्या जाऊन सांगते. काय व्हायचं ते होऊ दे.” हे मी मनापासून म्हटलं. आणि त्याने म्हणू नये, असंही मला मनापासून वाटत होतं. तो काहीच म्हणाला नाही. मात्र सोमवारी फिजिओ आला तेव्हा त्याने आपणहून हात पुढे केला. आठवड्यात तो चमचा धरून जेवायला लागला, भात सांडत का होईना. मी मनात म्हटलं, निभावलं.

पुढच्या सोमवारी तपासनीस आले. जाडसर, दमलेले गृहस्थ, जिना चढून धाप लागलेली. त्यांनी डॉक्टरांचा दाखला वाचला, मला दोन प्रश्न विचारले, मग खिशातलं पेन काढून दादाच्या उजव्या हातात दिलं. “काका, जमेल तशी सही करा. प्रयत्न करा.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग बोटं उघडली. पेन खाली पडलं.

तपासनिसांनी ते उचलून पुन्हा त्याच्या हातात दिलं. पुन्हा पडलं.

“हात मेलाय, साहेब,” दादा म्हणाला. वर्षभरात एवढं सलग वाक्य तो बोलला नव्हता.

तपासनिसांनी लिहून घेतलं. “वाईट वाटतं,” ते म्हणाले. जाताना दारात मला म्हणाले, दरवर्षी एकदा येऊन बघावं लागतं, नियम आहे. मला त्यांचं म्हणणं नीट ऐकूही येत नव्हतं. दार लावलं आणि तिथेच रडत उभी राहिले.

परतावा तेविसाव्या दिवशी जमा झाला. भाडं दिलं. पलंग आहेत तिथे आहेत. गेल्या आठवड्यात दोन नवीन कुटुंबं येऊन सामान घेऊन गेली आणि पावत्यांवर मी माझ्या नावाची सही केली.

दादाने व्यायाम बंद केला आहे. त्याला म्हटलं, बाहेरच्यांसमोर नको करूस, पण घरात तरी कर, दार लावून कर, कोण बघतंय? तो नाही म्हणाला.

“सवय लागेल,” तो म्हणाला. “कुणासमोर... हात चुकून उचलला जाईल.”

मी वाद घालायला हवा होता. फोन घेतला आणि फिजिओला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.