सॅमला मराठी येत नाही

मी उंट बोलतोय. सबंध उंट नाही, फक्त मान आणि डोकं. दिपमालाबाईंच्या आईनं, वच्छलाबाईंनी, एका जुन्या तपकिरी स्वेटरची बाही कापून माझी मान केली आणि लाल फडक्याची जीभ लावली. स्वेटर दिपमालाबाईंच्या वडिलांचा होता. ते आदल्या वर्षी गेले होते. शिवून झाल्यावर वच्छलाबाईंनी मला थोडा वेळ मांडीवर तसंच धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "घेऊन जा शाळेत. पोरं तरी हसतील."

दिपमालाबाई पिंपळनेरच्या एका शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायच्या. वर पत्रे, खाली दाटीवाटीनं बसलेली मुलं. कुणी गावातली, कुणी लांबच्या पाड्यांवरची. घरी अहिराणी किंवा पाड्यावरची बोली, शाळेत मराठी. इंग्रजी त्यांच्या कानावर कुठंच पडायची नाही. बाईंनी धुळ्याला एक प्रशिक्षण घेतलं होतं. मूल आपली बोली जशी ऐकून ऐकून शिकतं, तशीच परकी भाषाही शिकतं, असं तिथं सांगितलं होतं. आधी समजेल असं भरपूर बोलायचं, गोष्टी सांगायच्या, साधे प्रश्न विचारायचे. मुलांना बोलायची घाई करायची नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी मला हातात घातलं आणि म्हणाल्या, "हा सॅम. ह्याला मराठी येत नाही."

मला मराठी येत होती, अहिराणीही कळत होती. पण मी गप्प राहिलो, कारण मुलांनी ते लगेच खरं मानलं.

मग रोज माझी गोष्ट सुरू झाली. मला भूक लागायची, मी केळी खायला सावद्याला निघायचो, वाटेत एसटीवाला मला चढू द्यायचा नाही. बाई थांबून विचारायच्या, "इज सॅम हॅपी?" सगळा वर्ग ओरडायचा, "नो." शिल्पा नावाची एक मुलगी मात्र कधीच बोलायची नाही. पाड्यावरून यायची, खिडकीजवळ बसायची. मराठीतसुद्धा हो-नाही एवढंच. बाईंनी तिला कधी उभं केलं नाही.

दिवाळीनंतर एकदा बाईंनी चुकून म्हटलं, "सॅम इज अँग्री." तेव्हा खिडकीजवळून आवाज आला, "नो मॅडम. सॅम इज सॅड. ही इज अलोन."

बाईंनी माझी मान खाली वाकवली आणि मला तिच्या बाकापाशी नेलं.

पण घटक चाचणीत गाळलेल्या जागा आल्या, काळ ओळखा आलं, आणि मुलांना मार्क पडले नाहीत. पालकांच्या सभेत एका मुलीचे वडील, तोताराम आबा, उठले. ते रागावलेले नव्हते, काळजीत होते. म्हणाले, "बाई, पोरनी वही बठ्ठी कोरी शे. आम्हले तर काही येत नही. तुम्हीच सांगा, काय शिकनी ती?" बाई सांगत राहिल्या, पण कोऱ्या वहीपुढे ते सांगणं तोकडं पडलं. मुख्याध्यापक प्रेमराज सर नंतर म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ मला दिसते. पण परीक्षेत उंट येत नाही."

बाईंना आधार एकाच माणसाचा होता, अमळनेरच्या भूपेंद्र सरांचा. धुळ्याचं ते प्रशिक्षण त्यांनीच दिलं होतं. ते रविवारी फोन करायचे. एकदा एसटीनं आले, शेवटच्या बाकावर बसून तास पाहिला आणि म्हणाले, "बरोबर चाललंय. पण एकटीनं एवढं बोलू नका. घसा जाईल." त्यांनी शिक्षकांचा एक गटही जमवला होता, धुळ्याला भेटायचे. पुढे कुणाला निवडणुकीचं काम लागलं, कुणाची बदली झाली. सर निवृत्त होऊन मुलाकडे सुरतेला गेले. फोन कमी झाले, मग थांबले.

त्यातच शिक्षक कमी म्हणून दोन तुकड्या एका वर्गात बसवल्या. बाईंनी माइक मागितला, पण मिळाला नाही. त्या पंख्याच्या आवाजावरून, पलीकडच्या वर्गाच्या पाढ्यांवरून बोलत राहिल्या. आधी आवाज बसायचा आणि संध्याकाळी यायचा. मग यायचा बंद झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत, अजिबात बोलायचं नाही. बदली शिक्षक नव्हता, म्हणून बाई तशाच शाळेत येत राहिल्या.

अशाच एका दिवशी त्यांनी मला हातात घातलं, माझं तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. मुलं वाट पाहत राहिली. तेव्हा शिल्पा बाकावरून उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या वतीनं बोलू लागली. "आय अ‍ॅम सॅम. आय गो टू सावदा." बाई माझं तोंड हलवत होत्या, शिल्पा बोलत होती, वर्ग तिला प्रश्न विचारत होता. माझ्या आयुष्यात मी इतका कधीच बोललो नव्हतो.

असं थोडेच दिवस चाललं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "शिक्षिका वर्गात बोलतच नाहीत का?" त्यानंतर इंग्रजी चंदन सरांकडे गेलं. ते वाईट शिकवत नाहीत, गाइड नीट पाठ करून घेतात. मुलांचे मार्क वाढले. तोताराम आबा पेढे घेऊन आले. बाईंनी पेढा घेतला आणि हसल्याही. शिल्पा आता सहावीत आहे. तिच्या वह्या भरलेल्या असतात. इंग्रजीच्या तासाला ती खिडकीबाहेर बघते.

बाईंचा आवाज परतला, पण चिरका आणि अर्धामुर्धा. त्यांना ऑफिसात माहिती भरायचं काम दिलंय. मी तिथल्या कपाटात हजेरीपटांच्या मागे पडून होतो.

आज सावद्याहून पुनम नावाची एक नवी शिक्षिका भेटायला आली. तिलाही मुलांशी बोलून शिकवायचंय. तिनं विचारलं, "ताई, मुलं बोलायला लागेपर्यंत मी काय करू?"

बाई हळू म्हणाल्या, "मुलं बोलतात गं. तोवर तुझ्याशी कोण बोलणारंय, ते आधी बघ." आणि त्यांनी मला कपाटातून काढून, झटकून, तिच्या पिशवीत घातलं.

उद्या सकाळच्या गाडीनं मी सावद्याला निघालोय. तिथल्या मुख्याध्यापकांना माझं एवढंच सांगणं आहे. ह्या मुलीला एक माइक द्या. वह्या कोऱ्या दिसल्या तर वर्षभर तरी रागावू नका. आणि जमलं तर अधूनमधून तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसत जा.

पिंपळनेरच्या मुलांनो, येतो मी. बाईंना भेटलात तर तुम्हीच बोला. त्यांना बोलायला लावू नका.