दारावरून पुढचा पाव मैल

त्या रविवारी माझी बायको क्लॉडेट आमच्या दारावरून धावत पुढे निघून गेली आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफीचा मग धरून नुसता बघत राहिलो. तीन वर्षं ती टपालपेटीपाशी थांबायची, घड्याळाचं बटण दाबायची आणि गुडघ्यांवर हात टेकून श्वास घ्यायची. आता तिला आणखी पाव मैल, शेजारच्या बुशेच्या गोठ्यासमोरच्या खांबापर्यंत जायचं होतं. बाराव्या मैलाची खूण तिथे मीच नेली होती. आपल्या दारचा खांब वीज कंपनीनं बदलला, असं तिला सांगून टाकलं होतं. "असं होय," एवढंच ती म्हणाली.

क्लॉडेट बुटांच्या कारखान्यात वरच्या चामड्याला शिलाई मारते. अठरा वर्षं तेच. चाळिशी ओलांडली आणि तिच्या डोक्यात बॉस्टनची मॅरेथॉन शिरली. त्या शर्यतीत मनात आलं म्हणून कुणालाही घेत नाहीत. आधी दुसरी एखादी मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत पळून दाखवावी लागते. तिच्या वयाच्या बाईला वेळ तीन तास पन्नास मिनिटं. मागे कुत्रं लागलेलं नसताना माणसानं सव्वीस मैल का पळावं, हे मला आजही पुरतं कळलेलं नाही. पण कळावं असं फार वाटायचं, म्हणून मी विचारत राहायचो. एकदा ती म्हणाली, "दिवसभर मी लोकांच्या पायांचं बघते. माझे काय करू शकतात ते बघायचंय."

मी आमच्या गावची बर्फ काढणारी गाडी चालवतो. रस्ते म्हणजे माझी पोटाची भाकरी. तेव्हा तळ्याभोवतीचा रस्ता मोजून देण्याचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. आमच्या पिकअपच्या मीटरवर मैल बघत, दर मैलाला एका खांबावर रस्त्याचाच पिवळा रंग लावला. बारावी खूण नेमकी आमच्या टपालपेटीपाशी आली. बापानं घर मोजूनमापून बांधलं होतं, असं मी चार लोकांत सांगायचो.

त्या खुणांवर क्लॉडेट हव्या त्या वेगात पळायची. शर्यतीत मात्र पहिल्या वर्षी तीन त्रेपन्न, दुसऱ्या वर्षी तीन बावन्न, तिसऱ्या वर्षी तीन चोपन्न. आपण ऐन वेळी कच खातो, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. कारखान्यातली रीटा म्हणायची, "बॉस्टनला बसनं जा गं, लवकर पोचशील." क्लॉडेट हसायची, आणि घरी आली की शनिवारच्या ठरलेल्या जेवणातले बीन्स ताटात तसेच टाकून उठायची.

एप्रिलमध्ये मी पिकअपला नवे टायर घातले. सहज म्हणून तळ्याला फेरी मारली. टपालपेटीपाशी पोचलो तेव्हा मीटरवर पावणेबारा मैल झाले होते. मी गाडीतच बसून राहिलो. खुणा मोजल्या तेव्हाचे टायर घासून पार गुळगुळीत झालेले. चाक लहान झालं की फेरे जास्त घेतं, मीटर जास्त मैल दाखवतं. माझा प्रत्येक मैल पस्तीस पावलांनी आखूड होता. क्लॉडेट कमी पडली नव्हती, माझा मैल कमी पडला होता.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण तीन वर्षं ती स्वतःला नावं ठेवत आलेली, आणि मी रस्त्यांचा जाणकार म्हणून मिरवत आलेला. जीभ रेटली नाही. ती कामावर गेल्यावर मी जुन्या खुणा डांबरानं झाकल्या आणि पुढे नव्या लावल्या.

मग व्हायचं तेच झालं. दर मैलाला दहा-बारा सेकंद जास्त लागू लागले. एका रविवारी ती पायरीवर बसली आणि बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "माझं वय झालं का रे, नॉर्म?"

मी म्हणालो, वारा होता आज समोरून. फिरून जागेवर येणाऱ्या वाटेवर वारा सगळीकडून समोरून कसा येईल, हे तिनं विचारलं नाही. बूट हातात घेऊन ती आत गेली. त्या उन्हाळ्यात ती कामाआधी पळाली, कामानंतर पळाली. सप्टेंबर सरता सरता नव्या खुणांवर तिनं जुनी वेळ गाठली.

ऑक्टोबरात समुद्राकाठच्या शर्यतीत ती तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटांत आली. फूटपाथच्या कडेला बसून तोंड झाकून रडली. माझेही डोळे भरून आले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

परत येताना पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "वीज कंपनीनं बाराही खांब बदलले का रे?"

मी गाडीचा वेग उगाच कमी केला.

"उसवून पुन्हा घातलेली शिवण मला ओळखता येत नाही? अठरा वर्षं दुसरं काय केलंय मी?"

"केव्हा कळलं?"

"पहिल्याच रविवारी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

पायरीवर बसून तिनं विचारलं होतं ते वयाचं नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं. मग मी टायरपासून डांबरापर्यंत सगळं सांगितलं. गावची पाटी येईपर्यंत ती ऐकत होती.

"म्हणजे त्या तीन वेळा मी कच खाल्ली नव्हती."

"नाही."

"एवढं एक वाक्य ऐकायला एप्रिलपासून थांबले, नॉर्म."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बॉस्टनचा अर्ज गेला. रविवारी क्लॉडेट अजूनही दारावरून पुढे जाते. मी आता खिडकीत नसतो. बुशेच्या गोठ्यासमोर खांबापाशी टॉवेल घेऊन उभा असतो, आणि परतीचा पाव मैल आम्ही दोघं चालत येतो.