कुलपात अडकलेले ड्रॅगन

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतोय. आपल्या धाकट्या भावाबद्दल, बोगुआंगबद्दल, यिनचूचं मत याहून फारसं वेगळं नव्हतं.

तैवानमधल्या ताइनानच्या जुन्या पेठेत त्सेंगांचं भरतकामाचं दुकान होतं. देवापुढच्या मेजाला लावायचे पडदे, मिरवणुकीची निशाणं, पालखीवरची छत्रं, सगळं तिथं भरलं जायचं. थोरली यिनचू, पण आबांनी दुकान केलं ते मुलाच्या नावावर. यिनचूच्या वाट्याला गिऱ्हाइकं, सूत आणि बिघडलेली यंत्रं आली. बोगुआंगच्या वाट्याला फिरती खुर्ची आली, आणि ती तो मन लावून फिरवत असे.

आबांची नजर गेली तेव्हा त्यांनी जन्मभर काढलेली नक्षी, ड्रॅगन, फिनिक्स, ढग, लाटा, बोगुआंगने संगणकात भरून घेतली. शिवणयंत्रं ती नक्षी थेट संगणकातून वाचू लागली. मग त्याने नक्षीच्या मूळ कागदांच्या गुंडाळ्या रद्दीत घातल्या. "जागा किती मोकळी झाली बघ!" असं तो आल्यागेल्याला दाखवत होता. मोकळ्या जागेत त्याने माशांची काचपेटी ठेवली.

संगणकाला नकलेसाठी एक वेगळी डिस्क जोडलेली होती. कायमची जोडलेली.

"काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवत जा," यिनचू त्याला म्हणाली होती. "आत शिरलेला चोर एक घेईल आणि दुसरी सोडेल होय?"

"ताई, सारखी काढघाल केली की खराब होते. आणि आपल्याकडे कोण शिरतंय? आपण काय बँक आहोत? देवाची कामं करतो आपण."

"मग पासवर्ड तरी बदल. सगळीकडे दुकानाचा फोन नंबर टाकलायस. तो बाहेर पाटीवर लिहिलाय."

"म्हणून तर कोणी विसरत नाही!"

संगणकावर त्याने मक्याच्या खाऊचं हिरवं पुडकं ठेवलं होतं. ते ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं असं तिकडे सगळेच मानतात, यिनचूही थोडंफार मानायची. पण सुरक्षेचा प्रोग्राम रोज 'मला अद्ययावत करा' म्हणून विनवायचा आणि बोगुआंग रोज 'नंतर' दाबायचा, तेव्हा तिला वाटायचं, या माणसाला पुडक्यापेक्षा छडीची गरज आहे. शेवटी तिने सांगणं सोडून दिलं. दगडावर पाणी ओतून दगडाला कोंब फुटत नाहीत.

समुद्राची देवी मात्सू, तिचा जन्मोत्सव तोंडावर आला होता. सकाळची माशाची पेज खाऊन यिनचू दुकानात आली तेव्हा सगळी यंत्रं गप्प होती. शिवणाऱ्या बायका हात बांधून बसल्या होत्या. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना होती: तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे पाठवा. फाइलींची नावं तीच, पण प्रत्येकीला कसलं तरी विचित्र शेपूट फुटलेलं. जोडलेल्या डिस्कवरच्या नकलांनाही तेच शेपूट.

बोगुआंगने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. लाल अक्षरं तशीच. मग त्याने हिरवं पुडकं उचलून मागची तारीख वाचली.

"बघ! मुदत संपलेली होती!"

यिनचूने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की शेजारच्या बाईने मान खाली घातली.

तेवढ्यात बोगुआंगला दुसरी, जास्त सोयीची गोष्ट सुचली. कोपऱ्यातल्या यंत्रावर थुई बसायची. व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली, हाताची चलाख, तोंडाने अबोल.

"हिचंच काम हे! जेवणाच्या सुट्टीत ही याच संगणकावरून आईशी बोलते. तिकडूनच आला असणार रोग."

"मी नाही, मालक," थुई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी फोनवरून बोलते. माझ्या फोनवरून."

"मालकाला उलट बोलतेस?"

यिनचूने खिशातून फोन काढला आणि दुकानाची ईमेलची टपालपेटी उघडली. शोधावं लागलंच नाही. आदल्या संध्याकाळचं पत्र वरच होतं: एका मोठ्या देवळाच्या नावाने, 'जन्मोत्सवाच्या पडद्याचे फोटो सोबत जोडले आहेत'. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात देवळाचं नावसुद्धा धड नव्हतं. आणि त्याखाली बोगुआंगने दिलेलं उत्तर होतं.

तिने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "'आदरणीय महोदय, फोटो उघडत नाहीत. तीनदा प्रयत्न केला. कृपया पुन्हा पाठवावेत.'" ती थांबली. "चोराने दार वाजवलं, तू उघडलंस, आणि वर म्हणालास, नीट आत आला नाहीत, पुन्हा या."

एक बाई फिसकन हसली. बोगुआंग काचपेटीतल्या माशांकडे बघत उभा राहिला.

"थुईची माफी माग."

"ताई, आत्ता ही वेळ आहे का—"

"फसलास त्याचं मला काही नाही. फसतात माणसं. पण स्वतःची घाण पुसायला तू तिचा पदर ओढलास. माग."

त्याने मागितली, पण माशांकडे बघतच.

दुपारी थुई सुताची रिळं लावता लावता हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत होतं ना असं होईल म्हणून? मग तुम्हीच का नाही काढून ठेवली एक नक्कल?"

यिनचूने हातातलं रीळ खाली ठेवलं. भाऊ एकदा तोंडघशी पडावा, याची ती मनातून वाट बघत होती. तो पडला होता. पण त्याच्याबरोबर आबांचे ड्रॅगनही पडले होते, हे तिला फार बोचलं.

पोलिसांनी तक्रार घेतली आणि सांगितलं, पैसे देऊ नका, देऊनही किल्ली मिळेलच असं नाही. बोगुआंगला तरी द्यायचेच होते. "त्यांनी लिहून दिलंय, चोवीस तासांत सगळं परत करू!"

"चोराच्या शब्दावर विश्वास आहे तुझा. माझ्या शब्दावर नव्हता."

मग तो आबांकडे गेला. म्हातारा अंगणात उन्हाला बसला होता.

"आबा, तुम्हाला सगळी नक्षी पाठ आहे. तुम्ही नुसतं सांगा, आम्ही काढतो."

"माझे कागद रद्दीत दिलेस ना?"

"आबा, तेव्हा..."

"मग रद्दीवाल्याला विचार." एवढं बोलून आबांनी खुर्ची उन्हाच्या दिशेने वळवून घेतली.

वाट सापडली ती एका गिऱ्हाइकाच्या हट्टामुळे. समुद्राकडच्या देवळाचे व्यवस्थापक लू काका धुपाने काळवंडलेला पडदा काखोटीला मारून आले. "नवा करा, पण हुबेहूब असाच. देवीला सवय झालीय याची." यिनचूने पडदा मेजावर पसरला. काजळीखाली आबांचा ड्रॅगन डोळे वटारून तिच्याकडे बघत होता.

ती मोठ्याने हसली. लू काकांना वाटलं, बाईला ताण झेपेना.

दुकानाची नक्षी चोरांनी कुलपात घातली होती, पण ती भरलेली कापडं गावोगावच्या देवळांत टांगलेली होती. कुठलाच चोर त्यांना दुरून हात लावू शकत नव्हता. दुसऱ्याच दिवशी तिने बोगुआंगला स्कूटरवर बसवून पिटाळलं. शिडी घे, देवळात जा, नमस्कार कर, काय झालं ते खरं सांग आणि पडद्याचे फोटो काढू द्या म्हणून हात जोड. "आणि खरंच सांग. मी फोन करून विचारणार आहे."

तो उन्हातून हिंडला. एका देवळात त्याला म्हाताऱ्यांनी चहा पाजून तासभर उपदेश केला. दुसरीकडे शिडीवरून पाय घसरून तो नैवेद्याच्या संत्र्यांत पडला. फोटो मात्र आणले. त्यावरून थुई आणि यिनचूने रेषान् रेष पुन्हा काढली. सगळं नाही मिळालं. जी देवळं नवी झाली, त्यांनी जुनी कापडं जाळून टाकली होती, आणि त्यांवरचे फिनिक्स कायमचेच गेले. पहिला भरलेला ड्रॅगन यिनचूने आबांपुढे धरला. त्यांनी बोटं फिरवली. "डावी मिशी आखूड आहे," ते म्हणाले, आणि मग बोटं काढायचं विसरले.

जन्मोत्सवाचे पडदे वेळेत गेले. थोड्याच दिवसांत पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या मेजवानीत यिनचूने शेजारच्या टेबलावरून भावाचा आवाज ऐकला.

"आमची पद्धतच निराळी आहे. लोक नकला यंत्रात ठेवतात, आम्ही देवांकडे ठेवतो. पहिल्यापासून माझी योजनाच तशी होती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्याचा पेला भरला. यिनचूने कोळंबीचं टरफल सोललं आणि दुसरी कोळंबी घेतली. काही माणसं इतकी हलकी असतात की बुडवलं तरी वरच येतात.

आता नक्षीच्या नकला दोन डिस्कवर असतात. एक काम होताच काढून कपाटात जाते, दुसरी यिनचूच्या घरी असते, आणि महिन्यातून एकदा थुई त्यातली एखादी फाइल उघडून ती खरंच उघडते ना हे बघते. पासवर्ड दोघींनाच ठाऊक आहेत. सुरक्षेच्या प्रोग्रामला कोणी 'नंतर' म्हणत नाही. आणि फिरत्या खुर्चीसमोर एक नवा, झगमगीत संगणक ठेवलाय. तो दुकानातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राला जोडलेला नाही. बोगुआंगला ते माहीत नाही. तो दिवसभर त्यावर येईल ते पत्र उघडतो, आणि दुकान सुरक्षित आहे.