शून्य रुपयांचं तिकीट

“कमळाकर, तुमची खैरवाडी बंद करतोय,” डेपोचे साहेब म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

मला काही वाटलं नाही. खरंच नाही. एकोणतीस वर्षं कंडक्टरकी केल्यावर माणसाचं असंच होतं. गाड्या सुरू होतात, बंद होतात. आपण बिल्ला लावायचा आणि जिच्यावर पाठवतील तिच्यावर जायचं. साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. चव्वेचाळीस सीटची गाडी, सकाळच्या फेरीचं भारमान अकरा टक्के. म्हणजे गाडीत पाच माणसं.

“तिकडे कल्याणच्या गाडीला लोक दारात लटकतायत,” ते म्हणाले, “आणि आपण डोंगरात रिकामा पत्रा फिरवतोय. एक तारखेपासून ही गाडी कल्याणला. तुम्हीही तिच्यावरच.”

“पाचच?” मी विचारलं.

“मशीन खोटं बोलतंय का? तुमचंच मशीन आहे.”

माझंच होतं. चहा आला, मी प्यायला लागलो, आणि तिसऱ्या घोटाला माझ्या डोक्यात उजेड पडला.

खैरवाडी म्हणजे सिद्धगडाच्या पायथ्याची शेवटची वाडी. सकाळी सातला गाडी तिथून सुटते आणि मुरबाडपर्यंत रस्त्यातली धरून पन्नास-पंचावन्न माणसं होतात. निम्म्याहून जास्त म्हातारी. कुणी दवाखान्याला निघालेलं, कुणी रेशनच्या कामाला, कुणी भाजीची पाटी घेऊन मुरबाडच्या बाजाराला. पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास फुकट, बायकांना अर्धं तिकीट. पण फुकट असला तरी माणसाच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट द्यावंच लागतं. त्या तिकिटावर सरकार आमचे पैसे भरतं, आणि गाडीत माणूस बसला होता हे मशीनला तेवढ्यावरूनच कळतं. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी शेवटच्या बाकावर पेंगत होतो.

शिवाय शून्याच्या तिकिटाला आधार कार्ड बघायचं. आता यमूआजीचंच घ्या. तोंडात एक दात नाही, कंबर वाकून काटकोनात आलेली, आणि कार्डावर वय चौसष्ट! कार्डाप्रमाणे ती आपल्या थोरल्या लेकाहून, बुध्याहून, चारच वर्षांनी मोठी. कार्डवाल्यानं वय विचारलं तेव्हा “तूच काय ता टाक” म्हणाली होती म्हणे. पहिल्या दिवशी ती कार्ड शोधायला लागली. लुगड्याची एक गाठ झाली, दुसरी झाली, कार्ड काही सापडेना. ड्रायव्हर नितीन हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी म्हटलं, “राहू दे आजी, बस तू.” मग तिच्या मागच्या म्हातारीला तसंच बसवलं. मग वाडीतल्या सगळ्यांनाच.

वाडीत मी देवमाणूस झालो. कुणी पिशवीभर वाल आणून द्यायचं, कुणी खरवसासाठी चीक. माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू? अशी तीन वर्षं गेली, आणि तीन वर्षं मशीनच्या लेखी माझी गाडी रिकामी गेली.

साहेबांना हे तिथल्या तिथं सांगितलं असतं तर गाडी वाचली असती. पण सांगायचं म्हणजे रोज पंचेचाळीस-पन्नास माणसं विनातिकीट नेली हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. मी कप खाली ठेवला, नव्या ड्यूटीच्या कागदावर सही केली आणि बाहेर आलो.

सोमवारी सगळी वाडी डेपोत हजर. पुढे यमूआजी, बुध्या, वाडीतलाच लखमा, आणि अर्ज हातात धरून आजीची नात रत्ना. बारावीपर्यंत पोचलेली वाडीतली पहिली पोर. तिचं कॉलेज मुरबाडला. ही गाडी गेली तर डांबरी रस्त्याचा फाटा अकरा किलोमीटरवर, मधे जंगल. चालत जाऊन आठची तासिका कशी गाठणार? साहेबांनी मलाही आत बोलावलं.

“साहेब, आमची गाडी भरून येते,” बुध्या म्हणाला. “पाय ठेवाया जागा नसते.”

“पाच माणसं,” साहेब म्हणाले.

“सर, मी रोज उभ्यानं येते,” रत्ना म्हणाली. “पास आहे माझा, पण बसायला कधी मिळत नाही.”

साहेब काही मूर्ख नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग वाडीकडे वळून सावकाश म्हणाले, “हे बघा. कंडक्टरनं तिकीट न फाडता तुम्हाला नेलं असेल तर आत्ता सांगा. सांगितलंत तर गाडी चालू राहील. कंडक्टर आजच घरी बसेल. बोला.”

खोलीत पंखा फिरत होता. सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. राग नव्हता कुणाच्या डोळ्यांत. गाडी कशामुळे जातेय हे त्यांना आत्ता कुठे समजत होतं, आणि मी फरशीकडे बघत होतो.

“नाय साहेब,” यमूआजी म्हणाली.

“काय नाय?”

“गाडी रिकामीच असते. आमी चालत जाताव. पोरगी शिकलेली हाय, वाढवून बोलते.”

“आज्ये!” रत्ना ओरडली. “काय बोलतेस तू? माझं कॉलेज...”

“गप गो.” आजीनं तिचा दंड धरला. “त्या मानसाला पोरंबाळं हायत.”

बुध्यानं आईकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. “हा साहेब. रिकामीच असते,” तो म्हणाला. मग लखमानंही मान हलवली. साहेबांनी अर्जाची घडी घातली आणि रत्नाला परत दिली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. अजूनही एका वाक्याचंच काम होतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, “साहेब, मी येऊ का?”

घरी जाऊन जेवलो. बायकोनं विचारलं, चेहरा असा काय? म्हटलं, ऊन लागलं. रडू यायला हवं होतं, नाही आलं. झोपही लागली, लाज वाटावी इतकी गाढ.

तीस तारखेला शेवटची फेरी. वाडीवर गाडी लागली तेव्हा सगळे रांगेत उभे होते. खैरवाडीत रांग मी कधी पाहिली नव्हती. प्रत्येकाच्या हातात कार्ड, बायकांच्या हातात सुटे पैसे. मी सवयीनं म्हटलं, “राहू दे आजी, बस तू.”

“नको मास्तर,” यमूआजी म्हणाली. “काप.”

मी तिकिटं काढत गेलो. कुणाला शून्याचं, कुणाला अर्धं. मशीनचा रोल संपला, दुसरा घातला. नितीननं हॉर्न दिला नाही. रत्नानं न मागता पास दाखवला. त्याची मुदत संपायला अजून वीस दिवस होते. मी पासाकडेच बघत राहिलो, तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. सगळी तिकिटं काढून झाली तेव्हा मशीनवर त्रेपन्न माणसं होती.

यमूआजी खिडकीशी बसली होती. “या कागदाचा आता काय करू?” तिनं विचारलं.

“हातात ठेव. उतरेपर्यंत कुणी विचारलं तर दाखवायचं.”

तिनं तो दोन बोटांत घट्ट धरला. घाटात गाडीनं वळणं घेतली तरी दुसऱ्याच हातानं दांडी पकडली, तिकिटाच्या हाताला हलू दिलं नाही.

मुरबाड आलं. माणसं उतरायला लागली. एकदोघांनी रोजच्यासारखं “येतो मास्तर” म्हटलं. रत्ना सगळ्यांच्या आधी उतरून भराभर चालत गेली. आजी सगळ्यांत मागे. दाराशी येऊन ती थांबली आणि तिकीट माझ्यापुढे धरलं.

“बघ. हाय माज्याजवळ.”

ती खरंच वाट बघत होती. मी तिकीट हातात घेतलं, खैरवाडी ते मुरबाड, अर्धं, तारीख वाचली, आणि तिला परत दिलं.

“बरोबर आहे, आजी,” मी म्हटलं.

“हा,” ती म्हणाली, आणि एक एक पायरी धरत खाली उतरली.